पिवळी टेप

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. रुपये सत्तेचाळीस हजार तीनशे साठ फक्त.

हा आकडा कान्हा घरतने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद दिनानाथ परुळेकरांच्या पुढ्यात बाकड्यावर आपटला. तो उडू नये म्हणून वर इंजिनातून काढलेलं एक जळकं बेअरिंग ठेवलं. खरं तर वारा नव्हता. ऑक्टोबरच्या दुपारी करंजाड्यात झाडाचं पान हलत नाही. बेअरिंग ठेवलं ते परुळेकरांनी बघावं म्हणून.

"बघा. तुमच्या गाडीचा कालीज हाय ते. जलून काला पडलाय."

परुळेकरांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि सोबत आणलेली निळी फाइल उघडली.

"आकडा नंतर बघू. आधी कारण. इंजिन का जाम झालं, ते मला लेखी पाहिजे."

"लेखी?" कान्हाचा आवाज चढला. "मानूस का मेला ते डॉक्टर लेखी देतो का?"

"देतो," परुळेकर शांतपणे म्हणाले. "त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो."

आत टेबलाशी हिशेबाची वही घेऊन बसलेली कान्हाची बायको गोजरा हसली आणि लगेच खोकली. कान्हाने वळून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. गोजरा बसून राहिली. तेहतीस वर्षं ती त्या नजरेसमोर बसत आली होती.

कान्हाचा राग करंजाड्यात प्रसिद्ध होता. त्याच्या गॅरेजचा पत्ता सांगताना लोक "वडाच्या पुढं जा, जिथून ओरडण्याचा आवाज येईल ते" असं सांगत. त्याचे काही नियम होते. गिऱ्हाइकाने बॉनेटच्या आत बोट दाखवायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेल्याने गाडीही त्या व्हिडिओवाल्याकडूनच करून घ्यायची. "किती वेळ लागेल" हे दोनदा विचारलं की चावी परत हातात. एका बिल्डरची लांबलचक गाडी त्याने अर्धी उघडलेली तशीच ढकलत रस्त्यावर नेऊन ठेवली होती, कारण बिल्डर त्याला "ए मेकॅनिक" म्हणाला होता. त्या बिल्डरची इमारत उभी होती ती जागा म्हणजे कान्हाच्या बापाचं भाताचं खाचर. पण राग त्याचा नव्हता. बापाने मोबदला घेऊन सही केली होती, तो विषय तिथे संपला होता. राग त्या "ए"चा होता.

नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली तेव्हा कान्हा शाळेत होता. पुढे घराण्याला जो भूखंड मिळाला, तो विकून पैसे पाच भावांत वाटले गेले. चौघा भावांनी गाड्या घेतल्या. कान्हाने रस्त्याकडेचा एक गाळा घेतला आणि पाने-हातोडे घेतले. त्याआधी अकरा वर्षं तो बंदरावरच्या ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये होता. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, इंजिन बोलतं, आपण गप्प बसलो तर ऐकू येतं. ही कान्हा विसरला. दुसरी टेपची. काम पूर्ण झालं तर वायरीवर काळी टेप, काम अर्धं राहिलं तर पिवळी. पुढच्या वेळी बॉनेट उघडलं की पिवळं डोळ्यांत भरतं आणि राहिलेलं काम आठवतं. ही मात्र त्याने पंचवीस वर्षं तंतोतंत पाळली.

आणि एक शिव्यांची यादी होती. ती तो आलटून पालटून द्यायचा, पण सगळ्यांत वरचा मान जुन्या गाड्या विकणाऱ्यांना. गाडीत बिघाड असला की पुढच्या काचेखालचा लाल दिवा लागतो. गिऱ्हाइकाला तो दिसू नये म्हणून हे लोक दिव्याची वायरच तोडून ठेवतात. अशी गाडी आली की कान्हा चारचौघांत ओरडायचा, "दिवा तोडनारा मानूस म्हंजे आंधल्याला हात धरून विहिरीवर नेनारा!"

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, त्या मंगळवारी दुपारी परुळेकरांसमोर ओरडत असताना कान्हाच्या पँटच्या खिशात पिवळ्या टेपचा एक तुकडा होता.

तो तिथे कसा आला, ते सांगायला पाहिजे.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी. त्या दिवशी गॅरेज दुपारीच बंद होतं. सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, लाल कापड घातलेल्या मोठ्या पाटावर मांडायची. पाने, हातोडे, जॅकचा दांडा, मापाची यंत्रं, सगळं. गोजरा त्यांना हळदकुंकू लावते, झेंडू वाहते. एकदा कुंकू लागलं की दसरा होईपर्यंत हत्याराला हात नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडायचा आणि मगच पाट उचलायचा. कान्हाच्या दुकानात देवाची इतर कामं वर्षभर गोजरा बघत असे, पण हा नियम त्याचा स्वतःचा होता. पान्यावर आपण वर्षभर चिडतो, आपटतो, फेकतो. दोन दिवस तरी त्याला विसावा पाहिजे, असं तो म्हणायचा.

संध्याकाळी पाच वाजता परुळेकरांच्या पत्नी अरुणाताई गाडी घेऊन आल्या. त्या पनवेलच्या एका पतपेढीत नोकरी करत. नऊ वर्षांची ती छोटी पांढरी गाडी त्याच रोज चालवत, चार किलोमीटर जायला, चार यायला. परुळेकर द्रोणागिरीला कंटेनरच्या एका गोदामात हिशेबखात्यात होते. ते कंपनीच्या बसने जात.

"कान्हाभाऊ, एक लाल दिवा मधूनच लागतोय," अरुणाताई म्हणाल्या. "तेलाच्या झारीसारखं चित्र आहे. सिग्नलला थांबले की लागतो, गाडी पळायला लागली की जातो."

कान्हाने तेलाची पट्टी काढून पाहिली. इंजिनमधलं तेल काठोकाठ होतं. मग दोनच शक्यता उरल्या. एक, दिवा पेटवणारा सेन्सर बिघडलाय. दोन, तेल आहे पण पंप ते वर पोचवत नाही, म्हणजे प्रेशर खरोखरच कमी आहे. यातलं कुठलं, हे सांगणारा मीटर कान्हाकडे होता. सेन्सर काढायचा, त्या जागी मीटरची नळी बसवायची, काटा बघायचा. दहा मिनिटांचं काम.

मीटर पाटावर होता. गोजराने त्याच्या काचेवर नुकतंच कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

कान्हाने पाटाकडे पाहिलं. गोजराने कान्हाकडे पाहिलं.

"आता नाय उचलायचा," ती म्हणाली.

"मी उचलतो बोल्लो का?" तो खेकसला.

अरुणाताई म्हणाल्या, "आज नाही झालं तरी चालेल हो. पण उद्या गाडीची पूजा, आणि समोर हे लाल पेटलेलं. बघितलं की धस्स होतं. तेवढं काही करता आलं तर बघा."

कान्हा म्हणाला, "सेन्सरचाच लफडा हाय. या गाडीला येतोच तो." आणि हत्याराशिवाय जे करता येतं तेवढं केलं. दोन बोटांनी सेन्सरची वायर उपसली, टोक दुमडलं, पिवळी टेप गुंडाळली आणि बॉनेट लावलं.

"झाला. आता नाय लागनार दिवा. दसरा झाला की एकदा आना."

"किती द्यायचे?"

"आज हत्याराला हात नाय लावला, तर पैसे कसले?"

अरुणाताईंना यातला "झाला" हा शब्द ऐकू आला. "एकदा आना" हे गॅरेजवाले सगळ्यांनाच म्हणतात. पतपेढीत दिवाळीआधीची गर्दी सुरू झाली आणि त्यांनी गाडी नेली नाही. दसऱ्यानंतर कान्हाच्या दारात अकरा गाड्या उभ्या होत्या. तोही विसरला. पिवळी टेप आठवण करून देते, पण बॉनेट उघडलं तर.

शुक्रवार, १० ऑक्टोबरला अरुणाताई उरणला बहिणीकडे निघाल्या. बंदराच्या रस्त्यावर गव्हाण फाट्याच्या पुढे उड्डाणपूल चढताना इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. पुढेमागे ट्रेलर होते, त्यांचाच आवाज असेल असं त्यांना वाटलं. समोर एकही दिवा लागलेला नव्हता. मग टकटकीची ठकठक झाली, जळका वास आला, आणि पुलाच्या ऐन मध्यावर गाडी कुणी मागून धरल्यासारखी थांबली. स्टिअरिंग दगडासारखं घट्ट झालं. मागून चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर येत होता. त्याने ब्रेक दाबले ते एवढ्या जोरात की टायरचा धूर अरुणाताईंच्या काचेवर आला. थांबला तेव्हा दोन गाड्यांमध्ये चार पावलांचं अंतर होतं.

टोइंगवाल्याला अठराशे रुपये देऊन गाडी कान्हाच्या दारात आली.

शनिवारी कान्हाने प्लग काढून चारही सिलेंडरमध्ये तेल आणि डिझेल ओतलं. रात्रभर मुरू दिलं. रविवारी पुलीच्या बोल्टला पाना लावला, पान्याला चार फुटी पाइप लावला आणि पाइपवर लोंबकळला. इंजिन तसूभर फिरलं नाही. सोमवारी त्याने इंजिनच्या तळाचा तेलाचा डबा, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तो उतरवला. तेलात चांदीसारखी लोखंडाची भुकटी चमकत होती. पंपाने तेल ओढायची जाळी काळ्या, मलईसारख्या गाळाने बुजली होती. चेंबर भरलेलं होतं आणि इंजिन तहानेने मेलं होतं.

कान्हाने शिव्या द्यायला सुरुवात केली. परुळेकरांना, कारण जुनं तेल इतकं घट्ट होईपर्यंत ठेवणारा माणूस तोच. बाईंना, कारण टकटक ऐकून थांबल्या नाहीत. तेल कंपनीला, सरकारला, पुलावरच्या खड्ड्यांना. शिव्या देता देता त्याने सेन्सर काढायला हात खाली घातला आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं. तीन दिवस बॉनेट उघडं असूनही इतक्या खाली नजर गेली नव्हती; आता त्याने वाकून पाहिलं.

पिवळं.

शिव्या थांबल्या. गोजराने टेबलावरून मान वर केली, इतकी ती शांतता विचित्र होती. कान्हाने टेप खसकन ओढून काढली, खिशात घातली आणि पुन्हा ओरडू लागला, पण आता कोणावर ते समजत नव्हतं.

तर मंगळवारी बाकड्यावरच्या कागदात नवा सेन्सर, रुपये पाचशे, असं कान्हाने लिहिलं होतं. वायरीचं लिहिलं नव्हतं.

"कारन काय, जाली बुजली!" तो परुळेकरांना सांगत होता. "ऑइल कधी बदललाय शेवटचा? बघा तुमच्या फायलीत!"

परुळेकरांनी पान उलटलं. "बारा ऑगस्ट दोन हजार तेवीस. हे तुमचंच बिल."

"सव्वीस महिने!" कान्हाने दोन्ही हात वर केले. "सव्वीस महिने, साहेब! गोबर झाला त्याचा!"

"तुमच्याच बिलावर, तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'दहा हजार कि.मी.नंतर बदलणे.' झाले सात हजार आठशे. महिन्यांचा उल्लेख कुठेही नाही." परुळेकरांनी ते बिल फाइलमधून न काढता फाइलच फिरवून दाखवली. "आता माझा प्रश्न. तेलाचं प्रेशर गेलं की लाल दिवा लागतो. पुस्तिकेत दिलंय. दिवा लागला असता तर अरुणा पूल चढलीच नसती. तो का लागला नाही?"

"मला काय म्हाईत! सेन्सर खराब व्हता. मी वहिनींना बोल्लो व्हतो, दसऱ्यानंतर आना. आनली का? इचारा त्यांना! आनली का?"

हे खरं होतं. आणि खरं बोलताना एवढं ओरडावं लागत नाही, हे कान्हाला स्वतःलाच ऐकू आलं.

परुळेकरांनी फाइल मिटली. त्यांचा राग आवाजात चढत नसे, तो भाषेत चढे. इतका वेळ ते "कान्हाशेठ" म्हणत होते.

"श्री. घरत, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला कारण लेखी मिळालं नाही, तर मी सोसायटीच्या फलकावर पत्र लावणार. मी खजिनदार आहे, एकशे चौसष्ट फ्लॅट आहेत. लोकांनी आपापलं ठरवावं."

त्या एकशे चौसष्ट फ्लॅटमधून कान्हाचं निम्मं काम येत होतं. पण परुळेकर गेल्यावर त्याला जे टोचत राहिलं ते काम नव्हतं. पंचवीस वर्षांत कान्हाच्या हाताने इंजिन गेलं, असं कोणी म्हणालं नव्हतं. माणूस तुसडा आहे, पण त्याचा शब्द म्हणजे शब्द, एवढीच त्याची मिळकत होती. विकून खाता येईल असा दुसरा भूखंड त्याच्याकडे नव्हता.

संध्याकाळी शटर ओढताना गोजरा म्हणाली, "अवो, पिवली टेप कुठं हाय?"

"कसली टेप?"

"वहिनींच्या गाडीची. मी बघत व्हते ना तवा. आता गाडीला नाय दिसली."

कान्हाचा स्फोट झाला. "तूच! तूच बोल्लीस नाय उचलायचा! तो मीटर उचलला असता तर दहा मिन्टांत कललं असतं! कुंकू लावून बसलीस नवरीसारखा मीटरला!"

गोजराने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि मग वळली. ती ओरडत नसे. तिला त्याची गरज पडत नसे.

"मीटर उचलू नका, असा देवानं सांगितला. बरा. वायर तोडा, असा पन देवानंच सांगितला का?"

कान्हा चालू लागला.

"'आज नाय बघता येत, गाडी इथंच ठेवून जा,' एवढा बोल्ला असता तर देवाचा पन राहिला असता आनि बाईचा पन."

रस्ताभर तो तिच्या पुढे दहा पावलं चालत राहिला. घरी जेवला नाही. जेवलो नाही याचाही त्याला राग आला.

बुधवारी तो इंजिनचा दांडा, म्हणजे क्रँक, घासायला पनवेलच्या नामा लेथवाल्याकडे घेऊन गेला. नामा त्याच्या धंद्यातला जुना सोबती. नामाने दांड्यावरचे चरे बोटाने तपासले, शीळ घातली आणि हकीकत विचारली. कान्हाने सांगितली. सगळी. का सांगितली, हे त्यालाही कळलं नाही. कदाचित नामा काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

"मग त्यात काय येवढा टेन्शन?" नामा म्हणाला. "वायर परत लाव ना. उंदरानं कुरतडली बोल. गिऱ्हाईक काय बॉनेटमंदी डोकी घालतो? सगलेच करतात, कान्हाशेठ. आपन काय येगले?"

कान्हाने दांडा त्याच्या हातातून हिसकावून घेतला. अठरा किलोचं ते लोखंड त्याने छातीशी धरलं आणि नामाच्या तोंडावर ओरडला, "मी सगले नाय! मी सगल्यांतला नाय!"

"अरे, मी तुजा फायदा—"

"तुजा फायदा घाल लेथमंदी!"

दांडा घेऊन तो रस्त्यावर आला. पाचशे पावलं चालल्यावर लक्षात आलं की दांडा घासायचा तर आहेच आणि पनवेलमध्ये नामासारखा हात दुसरा नाही. तो परत गेला, दांडा लेथवर ठेवला, "शनवारी नेतो" एवढंच म्हणाला आणि निघाला. पण "सगलेच करतात" हे वाक्य रिक्षात कान्हाच्या शेजारी बसून करंजाड्यापर्यंत आलं. पंचवीस वर्षं ज्यांना विहिरीवर नेणारे म्हटलं, त्यांच्या रांगेत नामाने त्याला इतक्या सहज, इतक्या प्रेमाने उभं केलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं असताना कान्हा सोसायटीच्या फाटकातून आत शिरला. कपडे गॅरेजचेच होते. जिन्याखालच्या फलकासमोर परुळेकर उभे होते. हातात टाइप केलेलं पत्र, तोंडात चार टाचण्या.

"थांबा," कान्हा म्हणाला. "काय लिवलंय?"

परुळेकरांनी टाचण्या काढल्या. "वाचा."

पत्रात एकही वाईट शब्द नव्हता. गाडीचा क्रमांक, तारखा, दुरुस्तीचा अंदाज, सगळं ओळीने. कान्हा बोट ठेवून वाचत गेला. शेवटची ओळ होती: "बिघाडाचे कारण: अज्ञात."

"अज्ञात?" कान्हाचा आवाज जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत गेला. "अज्ञात कोन? मी अज्ञात हाय का? माज्या गॅरेजमंदी कारन अज्ञात नसतं!"

"मग सांगा."

"लिवतो! लेखी पायजे ना तुमाला? आना!"

त्याने परुळेकरांच्या सदऱ्याच्या खिशातलं पेन उपसलं, पत्र फलकावर दाबून धरलं, "अज्ञात"वर कागद फाटेल अशी काट मारली आणि खाली लिहिलं: "दिवा लागू नये म्हणून मी वायर काढली. तपासले नाही. कान्हा घरत." मग खिशातून तो मळका पिवळा तुकडा काढला आणि सहीशेजारी, अर्धा कागदावर अर्धा फलकावर, तळहाताने थापला. दोन आठवड्यांनंतरही टेप चिकटली. चांगल्या कंपनीची होती.

"झाला लेखी? लावा आता! एकशे चौसष्ट लोकांना दाखवा!"

दरवाजे उघडले होते. जिन्यावर चार-पाच जण थांबले होते. त्यांतून अरुणाताई खाली आल्या, पतपेढीतून नुकत्याच आलेल्या, पर्स खांद्यावर तशीच. त्यांनी पत्र वाचलं, मग ती टेप पाहिली.

"म्हणजे 'झालं' म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं? काही झालं नव्हतं, नुसता दिवा बंद केला होता, हे माहीत होतं?"

"व्हय."

"मला का नाही सांगितलं?"

कान्हाने तोंड उघडलं. सांगण्यासारखं एकच होतं, की त्या समोर उभ्या होत्या, पाटावर दिवा लावलेला होता, सण होता, आणि "मला माहीत नाही, तपासावं लागेल" हे वाक्य त्याला कधीच म्हणता येत नसे. ते त्याने सांगितलं नाही.

"मागे ट्रेलर होता," अरुणाताई म्हणाल्या. "आरशात मला त्याचा नुसता पुढचा जाळीचा भाग दिसत होता. ड्रायव्हरसुद्धा दिसत नव्हता, इतका जवळ. घरी येऊन मी यांना नीट सांगितलंही नाही. हे लगेच तारीख-वेळ लिहायला बसले असते म्हणून. सहा रात्री झोपले नाही मी. आणि तुम्ही इथे येऊन ओरडताय? कोणावर ओरडताय?"

कान्हा घरत भर माणसांत गप्प उभा राहिलेला करंजाड्याने पहिल्यांदाच पाहिला.

मग अरुणाताई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. दोनदा म्हटलं, तेल बदलू या. 'अजून दहा हजार झाले नाहीत.' रकाना भरला नाही म्हणून! रोज चार किलोमीटर गाडी चालली की तेल सडतं, हे तुमच्या फाइलला कसं कळणार?"

परुळेकरांनी पत्र फलकावरून अलगद सोडवलं, टेपसकट, आणि निळ्या फाइलमध्ये शेवटचं पान म्हणून लावलं. यात क्षमा नव्हती. कागद पूर्ण झाला होता, म्हणून त्याची जागा फाइलमध्ये होती.

"काम तुम्हीच करायचं," ते म्हणाले. "पण मी रोज संध्याकाळी येऊन बघणार. बॉनेटच्या आत बोट दाखवून विचारणार."

"तीन पावलं लांबून," कान्हा म्हणाला.

"बोट दाखवून."

कान्हाने दात आवळले. "या."

तीन आठवडे परुळेकर रोज साडेसहाला येत. बाकड्यावर बसत नसत, गाडीशी उभे राहत. प्रत्येक बोल्टमागे त्या दोघांची भांडणं होत. एकदा बेअरिंगच्या पाकिटावरची तारीख विचारली म्हणून कान्हाने पाना भिंतीवर फेकला. परुळेकरांनी तो उचलून त्याच्या हातात दिला आणि तारीख पुन्हा विचारली. गोजरा एकाच्या पुढ्यात चहा ठेवी आणि दुसऱ्याच्याही, पण मध्ये बोलत नसे. तिने एकच केलं. मीटरच्या काचेवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि तो हत्यारांच्या फळीवरून काढून आपल्या टेबलामागच्या खिळ्याला टांगला.

"पुढच्या साली हा पाटावर बसायचा नाय," ती म्हणाली. "ह्याला सुट्टी नाय."

खिळा घट्ट आहे का ते कान्हाने हलवून पाहिलं. म्हणजे कबूल होतं.

पैशाचा तह परुळेकरांनी मांडला आणि कान्हाने पाच मिनिटं शिव्या देऊन मान्य केला. बेअरिंग, रिंगा, नवा तेलपंप, गॅस्केट आणि तेल मिळून सत्तावीस हजार तीनशे साठ परुळेकरांचे, कारण गाळ त्यांचा. मजुरी, लेथचं काम, सिलेंडरच्या हेडची दुरुस्ती आणि सेन्सर मिळून वीस हजार कान्हाचे, कारण वायर त्याची. टोइंगचा खर्चही कान्हाने द्यायचा, हे अरुणाताईंनी सांगितलं आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबरला इंजिन सुरू झालं. दिवा चावी फिरवल्यावर पेटला आणि इंजिन लागताच विझला, जसा विझायला पाहिजे. कान्हाला ते पुरेसं वाटलं नाही. त्याने मीटर बसवला आणि अरुणाताईंना हाक मारली. "तुमी बघा. मी सांगत नाय. काटा तुमी वाचा."

त्यांनी वाकून वाचला. इंजिन गरम होईपर्यंत पंधरा मिनिटं त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि पुन्हा वाचला. मग गाडीत बसल्या.

"ठीक आहे, घरत," त्या म्हणाल्या. कान्हाभाऊ म्हणाल्या नाहीत, त्यानंतर आजपर्यंत म्हणालेल्या नाहीत.

परुळेकरांनी सत्तावीस हजार तीनशे साठचा धनादेश त्याच दिवशी दिला. टोइंगच्या अठराशेपैकी पंधराशे कान्हाने अरुणाताईंच्या हातात ठेवले. तीनशे रुपये त्याच्याकडून अजून येणे आहे.